एकाच पातेल्यात कोंबडी आणि दलिया



सोयाबीनची कापणी लागली की आपल्या खातेगांवच्या पंचक्रोशीत चुली उशिरा पेटतात. हार्वेस्टर यंत्रे आली हे खरे, पण लहान वावरात, पावसाने लोळलेल्या पिकात आणि बांधाकडेच्या ओळींत अजून विळाच चालतो, आणि तो बहुधा बायकांच्याच हातात असतो. दिवस मावळेपर्यंत वाकून कापणी करायची, डोक्यावर चारा घेऊन घरी यायचे, गुरांचे पाहायचे, आणि मग सहा-सात माणसांच्या पोळ्या करायला बसायचे. त्या दिवशी घरात कोंबडी आली असेल तर आनंद पुरुषांना व मुलांना. घरच्या बाईला मात्र दुप्पट काम. वाटण वेगळे, रस्सा वेगळा, पोळ्या वेगळ्या, भात वेगळा, आणि शेवटी भांडी घासायची ती वेगळीच.

घरभेटीला गेलो म्हणजे पुष्कळदा मला आग्रहाने जेवायला बसवतात. चांगले तुकडे पाहुण्याच्या ताटात पडतात. एक तंगडी मला, दुसरी घरधन्याला. छातीचे तुकडे मुलांना, त्यातही मुलाला आधी व मुलीला मागून. घरची बाई वाढत असते. सगळ्यांचे झाल्यावर ती पातेले पुढे ओढून बसते तेव्हा तळाला रस्सा, मानेचा तुकडा आणि नशिबाने एखादे पंख उरलेले असते. हे मी कितीतरी वर्षे पाहिले आणि, कबूल करतो, बराच काळ त्याकडे लक्ष दिले नाही. एकदा एका घरी सहज विचारले, "ताई, तुम्हाला काय उरले?" ती हसून म्हणाली, "रस्सा आहे की, फादर. मला रस्साच आवडतो." तिची थोरली मुलगी मात्र मान खाली घालून म्हणाली, "आईला तुकडा कधी उरतच नाही." त्या ताईला त्याच महिन्यात रक्त कमी असल्यामुळे गोळ्या चालू होत्या आणि तिच्या वाट्याची तंगडी नुकतीच मी खाल्ली होती.

ही गोष्ट एका घराची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ६७ होते. आता रक्त कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. पोटातले जंत, लवकर लवकर बाळंतपणे, पाळीत फार रक्त जाणे, आणि आपल्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचा आजारही. म्हणून ज्यांना दम लागतो, पाय ओढतात, पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरट दिसते, त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे. सिकल सेल असलेल्यांनी तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. पण ताटात काय पडते, हेही एक मोठे कारण आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

वाढण्याच्या क्रमावर प्रवचन देऊन तो क्रम बदलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन पहिली तंगडी पाहुण्यालाच वाढतात. म्हणून या खेपेस प्रवचन नको, एक स्वयंपाक सांगतो. त्यात कोंबडी व धान्य एकाच पातेल्यात शिजते, आणि कोंबडीचे तुकडे तुकडे म्हणून उरतच नाहीत. मांस हाडावरून सोडवून धान्यात मिसळले की पळीगणिक सगळ्यांच्या ताटात ते सारखे जाते. शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटातही तेच जाते. कोंबडीही निम्मीच लागते, लाटणे नाही, आणि घासायला एकच मोठे भांडे.

धान्य आणि मांस एकत्र खाण्यात फायदा कोणता, तो थोडक्यात पाहू. गहू, ज्वारी, मका यांत प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. शरीर प्रथिने बांधते ते भिंत बांधल्यासारखे. एक प्रकारची वीट कमी पडली की बाकीच्या विटा असूनही भिंत चढत नाही. ती कमी असलेली वीट मांसात व डाळीत भरपूर आहे. लोहाचेही तसेच. धान्यात व पालेभाजीत लोह असते, पण त्यातले थोडेच अंगी लागते. त्याच घासात थोडे मांस असले तर धान्यातले लोहही जास्त शोषले जाते. लिंबू पिळले, टोमॅटो घातला तरी तसेच होते. याच्या उलट, जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या घेतलेला चहा लोहाला अडवतो. आपल्याकडे पाहुण्यांपुढे ताट उचलल्याबरोबर चहा येतो. तो तासभर उशिरा आला तर पाहुणा काही रागावणार नाही.

शिवाय ही काही परकी रीत नव्हे. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात गहू व मांस एकत्र शिजवून घोटलेल्या हरिसाची कृती आहे. तिचाच वंश पुढे हैदराबादेत हलीम म्हणून नांदला आणि २०१० साली त्या हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्यातल्या ज्या मराठी घरांत आजी अजून आहेत, त्यांना ज्वारीच्या कण्या ठाऊक असतीलच. कण्या ताकाबरोबर खात, तशा रश्शातही शिजवता येतात. हलीमला मात्र तासन्‌तास घोटावे लागते. कापणीवरून आलेल्या बाईला ते सांगणे म्हणजे थट्टा होय. म्हणून येथे धान्य मोकळे ठेवलेली, सव्वा-दीड तासात होणारी सोपी रीत देत आहे. त्यातही तिचे हात पाऊण तासच गुंततात, बाकीचा वेळ पातेले आपले काम आपण करते.

सहा माणसांसाठी साहित्य असे. हाडांसकट, साल काढलेली कोंबडी पाऊण किलो, आणि तिची कलेजी. गव्हाचा जाड दलिया चार वाट्या, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. मुगाची डाळ अर्धी वाटी. कांदे तीन, टोमॅटो तीन. आले-लसणाचे वाटण दोन मोठे चमचे. दही अर्धी वाटी. हळद, तिखट, धने-जिऱ्याची पूड आणि मीठ घरच्या चवीप्रमाणे. तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा. मेथी, पालक किंवा चाकवत यांपैकी जी मिळेल ती एक जुडी. तेल चार मोठे चमचे. शेवटी लिंबू व कोथिंबीर.

मूग तर आपल्या भागात उन्हाळी पीक म्हणून आता घरोघर होतो, आणि सगळाच्या सगळा बाजारात जातो. दहा-वीस किलो घरच्या डब्यात ठेवा. अर्धी वाटी डाळीने या पातेल्यात जवळजवळ एका अंड्याची नव्हे, तीन अंड्यांची प्रथिने येतात.

दलिया विकतचा घेण्यापेक्षा घरच्या गव्हाचा, गिरणीत जाड भरडून घेतलेला उत्तम. आपल्या माळव्याचा कठिया गहू, ज्याचे बाफले करतात, तो या कामाला सर्वांत चांगला. त्याचा दाणा कडक असल्यामुळे शिजून मोकळा राहतो, चिकट होत नाही. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने काढलेला पूसा तेजस (एच.आय. ८७५९) हा याच कठिया जातीचा आहे. ज्यांनी तो पेरला असेल त्यांनी एक पोते विकायचे थांबवावे. भरडल्यावर पीठ चाळून टाकावे व वरचा रवाळ जाड भाग वापरावा. पीठ राहिले तर दलियाची खळ होते.

आता कोंबडीविषयी. बाजारात मिळते ती बहुतेक ब्रॉयलर. सहा आठवड्यांत दोन किलोची होते म्हणून लोक म्हणतात, इंजेक्शन देऊन फुगवलेली आहे. तसे नसते. तिची ही वाढ निवडक पैदाशीची व खाद्याची आहे. आणि ते खाद्य कशाचे? मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. म्हणजे आपण जे सोयाबीन मंडीत नेऊन विकतो, त्याचे तेल निघते, उरलेली पेंड कोंबड्यांच्या पोटात जाते, आणि कोंबडी होऊन आपल्याच चौकातल्या दुकानात परत येते. (येथेच एक सूचना. घरच्या कोंबड्यांना कच्चे सोयाबीन घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो. चांगले भाजून, भरडून, मक्यात मिसळून द्या.)

दुकानदाराला सांगावे की तुकडे मोठे करा, सांध्यावर कापा. रश्शासाठी तो खटाखट बारीक तोडतो आणि हाडाच्या किरच्या पडतात. रश्शात त्या तळाला बसतात, पण दलियात लपतात आणि मुलाच्या घशात जातात. या पदार्थात खरा धोका कोठे असेल तर येथे आहे, म्हणून एवढे एक तरी विसरू नका.

घरी आणल्यावर कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नये. कच्च्या मांसावर पोट बिघडवणारे जंतू असतात. ते धुण्याने जात नाहीत, शिजवण्याने मरतात. उलट धारेच्या शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या कांद्यावर, भांड्यांवर, पाण्याच्या माठावर उडतात. आपल्याकडे न धुता मांस शिजवणे कोणाच्या मनाला पटायचे नाही, हे मी जाणतो. तर मग पिसे-रक्त काढण्यापुरते एका खोल भांड्यात पाणी घेऊन, हात बुडवून हलके धुवावे, ते पाणी लांब न्हाणीत ओतावे, आणि भांडे व हात साबणाने धुवावेत. ज्या पाटावर मांस कापले त्यावर कोथिंबीर कापू नये.

कृती. कोंबडीला दही, हळद व थोडे मीठ चोळून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात डाळ धुऊन भिजत घाला, कांदा चिरा, भाजी निवडा. ज्या पातेल्यात सगळे करायचे ते जाड बुडाचे, किमान सहा-सात लिटरचे घ्या. त्यातच दलिया कोरडा, मंद आचेवर सहा-सात मिनिटे भाजा. खमंग वास सुटला व रंग किंचित बदलला की परातीत काढून ठेवा. हे भाजणे चुकवू नये. न भाजलेला दलिया रश्शात पडला की गिच्च होतो.

त्याच पातेल्यात तेल तापवून तमालपत्र, लवंगा, दालचिनी घाला. कांदा टाकून तांबूस होऊ द्या. आले-लसूण परता. मग कोंबडी घालून मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटे परता, म्हणजे पाणी सुटून आटेल आणि तुकड्यांना रंग येईल. टोमॅटो, तिखट, धने-जिरे घाला. टोमॅटो मऊ झाला की दहा वाट्या गरम पाणी आणि मीठ घाला. उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवा. ब्रॉयलर असेल तर पंचवीस मिनिटे पुरे. पंधरा मिनिटांनी कलेजी त्यात सोडा.

घरात तान्हे मूल सहा महिन्यांवरचे असेल तर तिखट घालण्याच्या आधीच टोमॅटो व पाणी घालावे, कोंबडी शिजू द्यावी, त्यातला थोडा रस्सा, दोन चमचे दलिया व हाडाविना थोडे मांस वेगळ्या लहान भांड्यात मऊ शिजवून कुस्करून घ्यावे, आणि मग मोठ्या पातेल्यात तिखट पडावे. चवीत फारसा फरक पडत नाही.

आता या रीतीतला मुख्य भाग. पंचवीस मिनिटांनी झाऱ्याने सगळे तुकडे एका स्वच्छ परातीत काढा. मघाशी कच्ची कोंबडी ठेवली होती ती परात घेऊ नका. पातेल्यात आता नुसता रस्सा राहिला. तो दलियाच्या दुपटीहून थोडा अधिक, म्हणजे चार वाट्या दलियाला सुमारे नऊ वाट्या हवा. पहिल्यांदा करताना वाटीने मोजून पाहायला लाजू नका. कमी असेल तर उकळते पाणी घाला. रस्सा खळखळला की भाजलेला दलिया व भिजलेली डाळ सोडा, एकदा तळापासून ढवळा, पाच मिनिटे मध्यम आचेवर, मग झाकण ठेवून पंधरा मिनिटे अगदी मंद आचेवर. चूल असेल तर लाकडे ओढून निखाऱ्यांवर.

ती पंधरा मिनिटे चालू असताना साबणाने हात धुऊन, हाताला सोसेल इतकी निवलेली कोंबडी सोडवायला बसा. मांस बोटांनी ओढून धाग्याधाग्याने सोडवा, हाड बाजूला टाका, किरच चाचपून पाहा. हे काम बाईनेच केले पाहिजे असे नाही. मोठी मुले करतात, घरधनीही करू शकतो. उलट पुरुषांनी करावे असे मला वाटते, कारण मग मांस कोणाच्या ताटात किती, हा हिशेब त्यांच्याच हातांनी मोडतो. कलेजी बोटांनी कुस्करून भुकटी करा. कोंबडीच्या साध्या मांसात लोह फार नसते, कलेजीत त्याच्या कितीतरी पट असते, आणि आपल्याकडे ती तळून एकट्याच्या ताटात जाते. गरोदर बाईने मात्र कलेजी वेगळी करून पोटभर खाऊ नये. तिच्यातले अ जीवनसत्त्व फार झाले तर गर्भाला बाधते. एका कोंबडीची कलेजी सहा जणांत वाटली जाते, तेव्हा तिच्या वाट्याला चिमूटभरच येते.

पंधरा मिनिटांनी झाकण काढा. रस्सा बहुतेक मुरलेला असेल. सोडवलेले मांस, कलेजी व चिरलेली पालेभाजी घालून हलक्या हाताने वर-खाली करा, पुन्हा झाकून पाच-सहा मिनिटे वाफ येऊ द्या. मांसाला हात लागलेले आहेत, म्हणून ही शेवटची कडकडीत वाफ चुकवू नये. मग आच बंद करून दहा मिनिटे तसेच ठेवा. कोणी शेतावरून यायचे असेल तर पातेले जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवले तरी अर्धा तास गरम राहते. वरून लिंबू, कोथिंबीर.

आता याचा हिशेब पाहा. पाऊण किलो कोंबडीत हाडे वजा जाता सुमारे अर्धा किलो मांस. त्यातून सुमारे १०० ग्रॅम प्रथिने, दलियातून ४५, डाळीतून १८. एकूण १६० च्या वर, म्हणजे माणशी २७ ग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या बाईला ती ४२ ग्रॅम होतात. निम्म्याहून अधिक या एका जेवणात मिळतात, आणि ती शेवटी बसली तरी मिळतात. नुसता रस्सा-पोळी खाल्ली असती तर यातले कोंबडीकडून आलेले जवळजवळ सगळे बुडाले असते. रश्शात चव उतरते, मांस उतरत नाही, पण याबाबत गैरसमज आपल्याकडे फार आहे. "सगळा कस रश्शात आला" असे म्हणून बायकांची समजूत घालतात. कस तुकड्यातच राहतो.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा काय झाले तेही सांगतो. सेमिनरीत आम्हाला पुष्कळ काही शिकवले, पण दलियाला पाणी किती हे कोणी शिकवले नाही. आचारी सुट्टीवर गेलेला. मी कच्ची कोंबडी, दलिया, पाणी सगळे एकदम पातेल्यात घातले आणि लिहीत बसलो. दलियाने पाणी पिऊन टाकले, तळ करपला, आणि तंगडी हाडापाशी गुलाबीच राहिली. कारण सोपे आहे. धान्य फुगले की पातेल्यातले पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरले नाही तर मोठ्या तुकड्याच्या पोटात उष्णता पोचत नाही. म्हणून कोंबडी आधी, धान्य मागून, हा क्रम ठेवला पाहिजे. मांस शिजले की नाही हे पाहण्यासाठी तंगडीच्या जाड भागात सुरी खुपसावी. येणारा रस स्वच्छ असावा, मांस हाडावरून सहज सुटावे.

पूर्ण शिजवण्याचा आग्रह मी उगाच धरत नाही. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरला कावळे मरून पडू लागले व तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला, तेव्हा आपल्याकडेही लोकांनी कोंबडी-अंडी टाकली होती. तो विषाणू ७० अंश उष्णतेत टिकत नाही. मांस आतपर्यंत कढत शिजले तर खाण्यापासून भय नाही. भय असते ते आजारी पक्षी हाताळण्यात. परसातली कोंबडी आपोआप मेली तर ती "वाया कशाला" म्हणून सोलू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, एकापाठोपाठ मरत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. बहुतेक वेळा ती मानमोडी निघते, आणि तिची लस आहे.

घरची गावठी कोंबडी असेल तर वरचा वेळ चालणार नाही. तिचे मांस कष्टाचे, धागा घट्ट. धान्य घालण्याआधी तासभर मंद शिजवावी, किंवा त्या दिवशी पातेल्याऐवजी मोठा कुकर घेऊन पाच-सहा शिट्ट्या द्याव्यात आणि मग झाकण उघडे ठेवून त्यातच दलिया शिजवावा. झाबुआ-धारकडच्या कडकनाथलाही हेच लागू. काळी पिसे, काळी कातडी, हाडेसुद्धा काळसर, अशी ही आपल्या पश्चिमेची जात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि भाव चढला. ती वाढायलाच पाच-सहा महिने घेते. माझे मत विचाराल तर कडकनाथ पाळावी आणि विकावी, आणि त्या पैशांत घरच्यांसाठी दोन ब्रॉयलर आणाव्यात. काळे मांस औषधी म्हणून जे काही सांगतात, त्यातले बरेचसे विकणाऱ्यांचे बोलणे आहे. मांस उत्तम आहे, चरबी कमी आहे, यापलीकडे त्यात चमत्कार नाही. परसात अंडी आणि मांस दोन्हींसाठी पक्षी हवे असतील तर जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने कडकनाथ व जबलपूर कलर यांच्या संकरातून काढलेली नर्मदानिधी जात विचारून पाहावी.

गव्हाऐवजी ज्वारीच्या कण्या घ्यायच्या असतील तर त्या चार तास भिजवाव्या, आणि रस्सा साडेतीनपट ठेवावा. शिजायला अर्धा तास लागतो. सोयाबीन येण्याआधी माळव्यात ज्वारी घरोघर होती. आता ती विकत आणावी लागते. पण बांधाकडेला चार ओळी घरच्यासाठी पेरल्या तर कडबाही होतो. मधुमेहाच्या लोकांना जाड कण्या किंवा जाड दलिया भातापेक्षा बरा, साखर सावकाश चढते. मात्र सावकाश चढते म्हणून दोन ताटे खाऊ नयेत. तांदूळच हवा असेल तर रस्सा पावणेदोन पट पुरतो आणि बाकी सगळे तसेच.

उरलेल्याबद्दल. हा पदार्थ उरवू नये, बेताने करावा. शिजवण्याने जंतू मरतात, पण धान्यात काही जंतूंचे बीज उकळीतही जिवंत राहते. पातेले रात्रभर कोमट राहिले की ते बीज रुजते आणि विष तयार करते, आणि ते विष सकाळी पुन्हा गरम केल्याने जात नाही. एका वैशाखात मी रात्रीचा दलिया सकाळी न्याहारीला खाल्ला आणि दोन दिवस आडवा होतो. वासाला तो अगदी चांगला होता. उरलाच तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासाच्या आत, परातीत पातळ पसरून निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून वाफ निघेपर्यंत गरम करून संपवावा. फ्रिज नसेल तर तो रात्रीच शेजारी वाटून टाकावा. सोडवलेली हाडे कुत्र्यापुढे टाकू नयेत. शिजलेले कोंबडीचे हाड टोकदार फुटते व त्याच्या आतड्याला टोचते. खतखड्ड्यात खोल पुरावीत.

काही घरांत मी हे सांगितले तेव्हा घरधनी कुरकुरले. कोंबडी केली आणि तंगडी दिसत नाही, हे कसले जेवण, असे एकाने मला तोंडावर विचारले. त्याला मी म्हटले, महिन्यातून एकदा तंगडी चावा, बाकीचे तीन रविवार असे करा. तो तयार झाला नाही. त्याच्या घरात मात्र आता हे होते, कारण त्याची सून करते आणि त्याला वाढते. तळाला जी खरवड धरते ती तो मागून घेतो असे ऐकतो. ती फार घट्ट बसली असेल तर पातेल्यात एक तांब्या कढत पाणी ओतून झाकण ठेवा, दहा मिनिटांत आपोआप सुटते.